टाळ, गिटार आणि ख्रिस्तभजन : एका नादपरंपरेची चिकित्सा

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील ग्रामीण महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करणाऱ्यास संगीताचा विचार टाळता येत नाही. वर्गातील निम्मे विद्यार्थी हरिनाम सप्ताहाच्या वातावरणात वाढलेले असतात. काहींच्या घरी पखवाज असतो. ठाकर आणि कातकरी पाड्यांवरून येणाऱ्या मुलामुलींजवळ ढोलाच्या आणि फेराच्या गाण्यांचा निराळाच साठा असतो. या सर्वांच्या कानांत कसारा लोकलमध्ये किंवा एस. टी.च्या गाडीत मोबाईलच्या तारेतून भलतेच काही वाजत असते, हा भाग वेगळा. अशा वर्गात लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या भजनांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो आणि विद्यार्थी विचारतात, ‘ख्रिस्ती माणसाचे भजन म्हणजे कसे? ते ऐकायला कसे लागते?’ प्रस्तुत लेखाचा उगम या प्रश्नात आहे.

टिळकांच्या काव्याविषयी मराठी समीक्षेत बरेच लिहिले गेले आहे. परंतु ते लेखन बहुतांशी शब्दांविषयी आहे. फुलामुलांचे कवी, बालकवींचे आश्रयदाते, ‘ख्रिस्तायना’चे अपुरे राहिलेले महाकवी अशा प्रतिमांत टिळक बंदिस्त झाले. त्यांच्या भक्तिरचना कोणत्या नादात गायिल्या जाव्यात असे त्यांना वाटत होते आणि त्या नादाचे आकर्षण नेमके कशात आहे, हा प्रश्न संगीतज्ञांनी साहित्याचा म्हणून सोडला व साहित्यिकांनी संगीताचा म्हणून. आज जगभर ‘ख्रिस्ती पर्यायी लोक-रॉक’ या नावाने ओळखले जाणारे संगीत सहज ऐकावयास मिळते. त्याच्या शेजारी ठेवून पाहिले असता टिळकांचे कार्य अधिक स्पष्ट दिसते आणि त्याच्या मर्यादाही दिसतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परक्या चालीचे ओझे

टिळकांपूर्वी मराठीत ख्रिस्ती गीत नव्हते असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण चर्चमधून व घरांतून गायिले जाई. इंग्लंडात जन्मलेल्या या जेज्विटाने ओवी निवडली, कारण गोव्याच्या श्रोत्यांच्या कानांवर पुराणश्रवणाचा संस्कार होता हे त्याने ओळखले. पुढे एकोणिसाव्या शतकात आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनांनी मात्र बहुधा उलट मार्ग धरला. इंग्रजी उपासनागीते मराठीत आणावयाची आणि ती मूळच्याच चालींवर म्हणावयाची, असा प्रघात पडला.

यातील अडचण केवळ रुचीची नव्हती, भाषेच्या घडणीची होती. इंग्रजी गीत आघातावर चालते. ठरावीक अंतराने एक अवयव जोराने उच्चारला जातो आणि चालीचा ठोका त्या जोरावर पडतो. मराठीत असा आघात फारच सौम्य आहे. मराठी शब्दाचे वजन अक्षरांच्या ऱ्हस्वदीर्घत्वातून ठरते. ‘परमेश्वर’ हा शब्द तीन ठोक्यांच्या पाश्चात्त्य चालीत बसवून पाहावा. पहिला जोर ‘प’वर पडतो आणि जे ‘मे’ हे अक्षर स्वभावतः लांबावयाचे, ते ऐनवेळी चिमटले जाते. अर्थ तोच राहतो, परंतु शब्द ओळखीचा राहत नाही. अशी गीते म्हणणारा भाविक आपल्याच भाषेत परक्यासारखा बोलू लागतो. शिवाय चार स्वरपट्ट्यांत एकाच वेळी निरनिराळे सूर गाण्याची पद्धत मराठी कानाला नवी होती. तिच्यासाठी सराव हवा, स्वरलेखन वाचता यावे लागते. खेड्यातील मंडळींकडे यातील काही नव्हते.

अहमदनगरच्या परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग केला, तो याच पार्श्वभूमीवर. कीर्तनाच्या या घाटाला मिशनऱ्यांपैकी काहींचा विरोध होता. देवळाची वाद्ये प्रार्थनामंदिरात कशी आणावीत, असा त्यांचा आक्षेप असे. येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. ज्या हार्मोनियमशिवाय आज मुरबाडच्या एकाही भजनी मंडळाचे पान हलत नाही, ती पॅरिसमध्ये जन्मली, युरोपीय लोकांबरोबर व मिशनऱ्यांबरोबर या देशात आली आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताच्या भात्याचे, मांडी घालून वाजविता येईल असे रूप दिल्यावर सर्वत्र पसरली. आकाशवाणीने १९४० साली तिला परकीय म्हणून दूर ठेवले, पण वारकऱ्याने ठेवले नाही. वाद्याचा धर्म वाजविणाऱ्यावर अवलंबून असतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

टिळकांची निवड

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा प्रसिद्ध आहे. हे विधान सहसा धर्मविचाराच्या अंगाने वाचले जाते. ते संगीताच्या अंगाने वाचले तर अधिक फलदायी ठरते, कारण पूल म्हणजे येथे अभंगाचा घाट.

मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते. अक्षरछंदात लघुगुरूचा हिशोब नसतो, प्रत्येक अक्षराला म्हणताना सारखाच अवकाश मिळतो. परिणामी ‘परमेश्वर’ हा शब्द येथे चिमटला जात नाही. सहा अक्षरांचा चरण आठ मात्रांच्या ठेक्यात म्हटला की शेवटी थोडी जागा मोकळी राहते. चौथा चरण तर अर्ध्यावरच थांबतो आणि उरलेली जागा टाळकऱ्यांना देतो. भजनाचे सारे सामर्थ्य या मोकळ्या जागेत आहे, असे माझे मत आहे. बुवा चरण सोडतो, मंडळी तो उचलते. ध्रुपद परत परत येते आणि प्रत्येक आवर्तनाला लय किंचित चढते. ज्याला एकही ओळ पाठ नाही असा माणूससुद्धा तिसऱ्या आवर्तनाला टाळ धरून सामील होऊ शकतो. चार स्वरपट्ट्यांचे पाश्चात्त्य गीत श्रोता व गायक यांच्यात सरावाची भिंत उभी करते. अभंग ती भिंत बांधतच नाही.

टिळकांनी ‘अभंगांजली’तील रचना केल्या त्या या घाटावर पूर्ण हुकूमत असलेल्या कवीच्या आत्मविश्वासाने. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या उत्तम अभंगांत एक विशेष जाणवतो. त्यांतील ख्रिस्त सिंहासनावर बसलेला राजा क्वचितच असतो. तो सखा, गुरू, माउली असतो. विठ्ठलाला माउली म्हणण्याची सवय असलेल्या जिभेला येथे वेगळे वळण घ्यावे लागत नाही. मात्र हेही सांगितले पाहिजे की सर्वच रचना सारख्या उतरलेल्या नाहीत. जेथे उपदेशकाने कवीवर मात केली आहे, तेथे अभंग केवळ पद्य उरतो. अशा रचना डोळ्यांनी वाचताना खपून जातात. टाळावर म्हणू लागले की त्यांचा कोरडेपणा लगेच कळतो, कारण परत परत म्हणण्याजोगे ध्रुपद त्यांत नसते.

आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांना या दरबारात हवे होते. दोन वर्षांत, १९१९ साली, ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तरीही या उपक्रमाचा संगीताशी असलेला संबंध महत्त्वाचा आहे. भजनाचे आकर्षण केवळ चालीत नसते, ते भोवतीच्या जीवनक्रमात असते, हे टिळकांना उमगले होते. आपल्या भागातील सप्ताह पाहावा. सात दिवस वीणा खाली टेकवीत नाहीत. पहारे बदलतात, एकाच्या गळ्यातील वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. काकडआरती, हरिपाठ, कीर्तन, जागर आणि शेवटी काल्याचे जेवण. या सर्वांतून अभंग उचलून नेला तर चाल बरोबर येते, पण वारी बरोबर येत नाही. दरबार हा त्या वारीची जागा भरून काढण्याचा प्रयत्न होता. तो फसला, म्हणून टिळकांचे अभंग पुस्तकात आणि रविवारच्या उपासनेत राहिले, रस्त्यावर आले नाहीत.

गिटारीचा मार्ग

आता जगाकडे वळू. अमेरिकेत लोकगीत आणि रॉक यांचा संकर १९६५ च्या सुमारास झाला. त्या वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला आणि जुन्या रसिकांना तो द्रोह वाटला. १९६९ मध्ये लॅरी नॉर्मनचा ‘अपॉन धिस रॉक’ हा संग्रह आला. ख्रिस्ती रॉकचा आरंभ बहुधा तेथून मानतात. पुढील पिढीत इलिनॉय राज्यातील ग्रीनव्हिल महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांनी ‘जार्स ऑफ क्ले’ हा वाद्यवृंद उभारला. त्यांचा पहिला संग्रह १९९५ चा. त्यातील ‘फ्लड’ हे गीत चर्चबाहेरच्या रेडिओ केंद्रांवरही गाजले. तारांच्या साध्या वाद्यांचा खरखरीत, घरगुती नाद आणि श्रद्धेतील शंका न लपविणारे शब्द हे त्याचे आकर्षण होते. कॉलेजातील मुलांनी कॉलेजातील मुलांसाठी केलेले हे संगीत आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे दोन उदाहरणे विशेष उद्बोधक आहेत. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाचा ‘कंदिसा’ हा संग्रह २००० साली प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकगीत केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेच्या प्राचीन प्रार्थनेवर आधारलेले असून तिची भाषा अरामी कुळातील आहे. त्याच संग्रहात नर्मदेचे ‘मा रेवा’ हे लोकगीतही आहे. वाद्यवृंदातील राहुल राम हे नर्मदा बचाओ आंदोलनाशी निगडित होते. म्हणजे नदीचे गाणे आणि ख्रिस्ताची प्रार्थना या दोन्ही गोष्टी एकाच गिटार-तबल्याच्या नादात एकत्र नांदतात. हा वाद्यवृंद ख्रिस्ती नाही. त्याने प्रार्थना निवडली ती तिच्या स्वरांसाठी. ‘कंदिसा’ ऐकणाऱ्या शंभरांपैकी क्वचित एखाद्याला शब्दांचा अर्थ ठाऊक असतो. तरीही संथ सुरुवात, एकाच शब्दाभोवती फिरणारा सूर आणि हळूहळू दाट होत जाणारा ठेका यांनी श्रोता गुंततो. नादाचे आकर्षण श्रद्धेपासून सुटे करता येते, याचा हा पुरावा म्हणता येईल.

दुसरे उदाहरण ‘आराधना’चे. क्रिस हेल आणि पीटर हिक्स या दोघांनी हा वाद्यवृंद २००० च्या सुमारास उभारला. दोघांचेही बालपण दक्षिण आशियात गेले, एकाचे नेपाळात व दुसऱ्याचे उत्तर भारतात. हेल सतार वाजवितात आणि गातात, हिक्स गिटार वाजवितात. ‘दीप जले’, ‘मार्ग दर्शन’, ‘अमृत वाणी’ ही त्यांच्या संग्रहांची नावेच त्यांचा मार्ग सांगतात. आपल्या रचनांना ते येशूभजन म्हणतात. भाषा मुख्यतः हिंदी. यांच्या संगीतात गिटार सहसा पाश्चात्त्य गीताप्रमाणे स्वरसंघातांची मालिका पुढे रेटीत नाही. ती बव्हंशी एका आधारस्वरावर ठाण मांडते, तंबोऱ्याचे काम करते आणि सतारीला जागा देते. नाम परत परत येते, लय वाढते. म्हणजे टाळ नसतानाही भजनाचा सांगाडा शाबूत आहे. टिळक जेथे थांबले, तेथून सुमारे ऐंशी वर्षांनी परदेशी तरुणांनी पाऊल टाकले, असे म्हणण्याचा मोह होतो.

तो मोह आवरला पाहिजे. ‘आराधना’च्या गाण्यात सफाई आहे, मनःपूर्वकता आहे; पण त्यातील भक्ती आश्रमातील, पहाटेची, एकांताची आहे. तिच्यात घाम नाही. हे संगीत कानाला यंत्र लावून एकट्याने ऐकताना सर्वांत सुंदर वाटते. टिळकांना अभिप्रेत असलेले भजन एकट्याने ऐकताच येत नाही.

कोणाचे ‘लोक’?

येथवरच्या विवेचनात एक गृहीत लपलेले आहे. देशी नाद म्हणजे अभंग, असे आपण धरून चाललो. टिळकांनीही तसेच धरले होते. संस्कृताचे आणि संतवाङ्मयाचे संस्कार असलेल्या ब्राह्मण कवीला ते स्वाभाविक होते. परंतु अहमदनगर भागात ख्रिस्ती झालेल्या मंडळींपैकी फार मोठा भाग महार व मांग समाजांतील होता. गावच्या देवळाच्या पायरीशी उभे राहून ज्यांना अभंग ऐकावा लागला, त्यांना अभंग म्हणजे स्वदेश वाटेलच, असे कसे म्हणता येईल? डफ वाजविणे हे ज्यांच्यावर जन्माने लादलेले काम होते, त्यांना डफ परत उपासनेत आणण्याची हौस असेल काय? उलट सर्वांनी एका रांगेत उभे राहून, एकाच पुस्तकातून म्हणावयाचे परके गीत हीच त्यांच्यापैकी काहींना मोकळीक वाटली असणे शक्य आहे. त्या गीताच्या चालीत मराठी शब्द चिमटला जात होता हे खरे. पण माणूस ताठ उभा राहत होता हेही खरे.

या संदर्भात भीमगीतांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध समाजाने गावकीची वाजंत्री सोडली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आणि त्यांच्या सहप्रवाशांनी नवे गाणे घडविले, ते लोकगीत, कव्वाली, सिनेगीत अशा मिळेल त्या चालीवर. शुद्ध देशीपणाची त्यांना पर्वा नव्हती. गाणे वस्तीवर पोहोचले पाहिजे आणि वस्तीने ते आपले म्हणून उचलले पाहिजे, एवढीच कसोटी होती. या कसोटीवर टिळकांचे अभंग तपासले तर ते काव्य म्हणून श्रेष्ठ आणि चळवळीचे गाणे म्हणून दुबळे ठरतात. ‘कोणते संगीत अस्सल’ हा प्रश्न समीक्षकाला महत्त्वाचा वाटतो; गाणाऱ्याला ‘या गाण्यात मी कोठे उभा आहे’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपल्या तालुक्यांत हा प्रश्न निराळ्या रूपाने समोर येतो. शहापूरच्या तानसा, भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईला जाते. तानसाचे धरण १८९२ चे. या पाण्याच्या काठी राहणाऱ्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजांची गाणी कोणत्याच ‘देशी’ व्याख्येत नीट बसत नाहीत. त्यांची ओळ लहान असते, सुरांचा पल्ला थोडा असतो, आणि गाणे पायांवर, म्हणजे नाचाच्या पावलावर, चालते. पाड्यावर कोणी नव्या पंथाची प्रार्थना म्हणू लागला की शेजाऱ्यांना ते प्रथम कळते आवाजावरून. ढोल थांबला, त्याऐवजी विजेवरचा की-बोर्ड आला, हिंदी चालीचे गाणे आले, एवढ्यावरून तो माणूस ‘आपला राहिला नाही’ असा निवाडा होतो. विवेकाने पाहता हा निवाडा अन्यायाचा आहे. कोणत्या देवाला भजावे हा ज्याचा त्याचा हक्क आहे आणि मंडपात डीजे लावणाऱ्याला कोणी असे विचारीत नाही. तरीही ढोलाबरोबर पावलांचे गाणे गेले, तर त्यातील शब्द, पिकांची व पाखरांची नावे, लग्नात बायकांनी म्हणावयाच्या ओळी जातात, हे नुकसान नाकारता येत नाही. ते गाणे सोडायला लावणारा जो कोणी असेल, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, त्याला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक घोषणेत स्थानिक जनांच्या संगीतपरंपरेला दिलेल्या स्थानाची आठवण करून द्यावीशी वाटते. वसईच्या मराठी चर्चने तो धागा पकडला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून ख्रिस्ती जीवन मराठी साहित्यव्यवहाराशी अनेक वर्षे जोडून ठेवले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वसई तेव्हा नव्या पालघर जिल्ह्यात गेलेली होती. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ती आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांना जे नवल वाटते, ते आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला रोजचे होते.

वर्गातील प्रसंग सांगून थांबतो. ‘कंदिसा’, ‘आराधना’चे एक भजन आणि टिळकांचा एक अभंग असे तिन्ही मी एका तासात ऐकविले व म्हणून दाखविले. मुरबाडकडील एका विद्यार्थ्याने, जो गावच्या मंडळात पखवाज वाजवितो, बाकावर बोटांनी ठेका धरला आणि पहिल्या दोन्हींपेक्षा टिळकांचा अभंग हाताला लवकर सापडतो असे सांगितले. नाव विठ्ठलाचे नाही याने त्याचे काही अडले नाही. ‘कंदिसा’ मात्र त्याने मोबाईलमध्ये घेतला. मागच्या बाकावर शहापूरकडील एक ठाकर विद्यार्थिनी बसली होती. तिला विचारले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘सर, तिन्ही बसून म्हणायची गाणी आहेत.’